आहो व, बाई

गोकुळा आणि इंदू या जावा-जावा. वडशापासून आत, जंगलाला टेकून असलेल्या चिचटोला गावात त्या एकाच घरात नांदल्या. घर ढिवरांचं. मोठा भाऊ मनसाराम गावच्या तलावात मासोळी धरायचा. धाकटा धनराज हिवाळा सरत आला की तेलंगणात मिरची तोडायला जायचा. मनसाराम-गोकुळेला लेकरू नव्हतं. धनराज-इंदूला एकच पोरगी, दामिनी. ती दोन घास आईच्या हातचे खायची आणि दोन मोठमायच्या, म्हणजे गोकुळेच्या. चूल एकच होती, ती कधी वेगळी झाली नाही.

गोकुळा हाडापेरानं थोराड आणि बोलायला कमी. इंदू बारकी, चपळ आणि तोंडाचा पट्टा कायम सुरू. इंदूचा आवाज बंद झाला म्हणजे ती झोपली समजावं, असं मनसाराम म्हणायचा. सरपण, मोह, तेंदूपत्ता, गवत, जे काय आणायचं ते दोघी जोडीनं आणायच्या. जंगलात गेल्यावर झाडाझाडांत पांगलं की बायका एकमेकींना हाक मारतात. गोकुळा ओरडायची, "इंदू व!" आणि झाडांमागून इंदूचा बारीक, शेवटी वर उचललेला आवाज यायचा, "आहो व, बाई!" आहे, इथंच आहे, इतकंच. मग दोघी पुन्हा खाली वाकायच्या.

यंदाच्या चैत्रात दामिनी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिचा नवरा पुण्याकडे कामाला, सासू आजारी, म्हणून जरा लवकरच आली. इंदूच्या अंगात नुसता वारा शिरला. पोरीला मोहफुलाचे लाडू करून घालायचे म्हणून ती रोज उजाडायच्या आत टोपली घेऊन उभी राहायची. वाघाच्या खुणा दिसल्याची दवंडी गावात झाली होती. पण मोह पडायला लागला की कोणाला घरी बसवत नाही.

त्या दिवशी दोघी नाल्यापाशी वेगळ्या झाल्या. इंदूचं झाड नाल्यापलीकडे होतं, गोकुळेचं अलीकडे. धुकट होतं. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून साफ केलेला, त्या काळ्या राखेवर पिवळी फुलं पडली होती आणि त्यांचा गोड, जड वास नाकात बसत होता. गोकुळेनं मूठभर फुलं वेचली आणि सवयीनं हाक मारली.

"इंदू व!"

"आहो व, बाई!"

थोड्या वेळानं पुन्हा मारली. पुन्हा ओ आली, जरा लांबून. गोकुळेला वाटलं, ही पुढच्या झाडाकडे सरकली असेल. उन्हं वर आली तेव्हा तिनं तिसऱ्यांदा हाक मारली. या वेळी ओ पाठीमागून आली, गावाच्या बाजूनं. गोकुळा वळून पाहत राहिली. तिकडे जायचं तर इंदूला तिच्या समोरूनच जावं लागलं असतं. मनात आलं, गेली असेल मागच्या वाटेनं, सांगायची रीत नाही बाईला. रागारागानं टोपली भरून ती घरी आली.

घरी दामिनी अंगण झाडत होती. "माय कुठी हाय?" तिनंच विचारलं.

माणसं काठ्या आणि डबे घेऊन गेली. इंदू सापडली ती तिच्याच झाडापासून थोडी आत, बांबूच्या रांजीत, दाट बेटात. टोपली झाडाखालीच होती. टोपलीत ओंजळभर फुलं होती, त्याहून जास्त नाही. जंगल खात्याचा गार्ड टोपलीकडे पाहून म्हणाला, "आल्या-आल्याच झालं हे. बाई नुसती वाकली असन, तेवढ्यातच."

गोकुळा तिथंच उभी होती. आपली टोपली काठोकाठ भरली होती, हे तिला आठवलं. ती भरेपर्यंत इंदू तिला ओ देत होती.

धनराज तेलंगणातून आला, भिंतीकडे तोंड करून बसला, आणि तेरवी झाल्यावर हैदराबादला बांधकामावर निघून गेला. "वयनी, मले या घरात श्वास घेता येऊन नाई राह्यला," एवढंच तो जाताना म्हणाला. मनसारामनं त्याला अडवलं नाही.

गोकुळेनं ओ ऐकल्याची गोष्ट आधी मनसारामला सांगितली. तो जाळं विणत होता. हात न थांबवता म्हणाला, "भास असन तो. हमेशाची सवय कानाले."

मग ती नानाजीकडे गेली. नानाजी म्हणजे गावच्या मातामायची पूजा करणारा म्हातारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "वाघानं नेलेला जीव वाघाच्याच संगं फिरते, बाई. सुटत नाई. आपल्या मानसाले हाक मारते. तू ओ देली का?"

"ओ मी कायले देऊ? हाक मीच मारत होती, भाऊ. ओ तर तिनं देली."

 नानाजीला जे ठाऊक होतं त्यात हे बसत नव्हतं. तो म्हणाला, "मंग आता हाक मारू नोको."

गोकुळेनं हाक मारली नाही. तेंदूच्या हंगामात ती जंगलात गेलीच नाही. पानं विकत घेणारी त्या बाजूची फळीही यंदा उघडली नव्हती. ज्येष्ठात रोवणीच्या रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकले, आषाढात पाऊस झाला आणि तलाव तोंडापर्यंत भरला. त्या पावसातच दामिनीला कळा सुरू झाल्या.

सकाळ होती. नाल्यावरच्या रपट्यावरून, ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत होतं. अॅम्ब्युलन्स आली ती पलीकडच्या गावापाशी थांबली. मनसाराम म्हणाला, "तलावातून डोंग्यानं नेतो." त्यानं दामिनीला डोंग्यात निजवलं, गोकुळेनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि वर प्लास्टिक धरलं. मधल्या उघड्या पाण्यावर वारा होता, म्हणून मनसारामनं डोंगा जंगलाच्या काठाकाठानं घेतला. पाण्यात उतरलेल्या झाडांच्या फांद्या डोक्याला लागत होत्या.

अर्ध्यावर गेल्यावर दामिनीला मोठी कळ आली. ती ताठ झाली आणि किंचाळली, "माय व!"

"आहो व!"

आवाज काठावरच्या झाडांतून आला. बारीक, शेवटी वर उचललेला. घाई नव्हती त्यात, रडं नव्हतं. चुलीपुढून ओ द्यावी तसा.

मनसारामचा बांबू पाण्यात थांबला. डोंगा आपोआप वळायला लागला. गोकुळेनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते राखेसारखं झालं होतं. आता त्याला भास म्हणता येत नव्हतं. दामिनीची कळ मात्र ओसरली, तिनं डोळे मिटले आणि ती हलकेच म्हणाली, "माय हाय."

"चाला ना," गोकुळा नवऱ्याला म्हणाली. "पोरगी पाह्यता का जंगल पाह्यता?"

तो डोंगा ढकलायला लागला. पैलतीराला लागेपर्यंत त्याचा बांबू थांबला नाही.

दामिनीला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा गोकुळेनं तिच्यावरून भाकर ओवाळून टाकली आणि त्या वर्षात पहिल्यांदा तिला रडू आलं. बाळाचं नाव रंजीता ठेवलं. आपलं लेकरू नसलेल्या त्या बाईच्या हातांना आता बसायला वेळ नव्हता. शेक, धुरी, तेल, दुपटी. मनसारामचंही नशीब उघडलं. तलाव इतका भरला होता की रोहू आणि मरळ हाताच्या लांबीची निघायची. मच्छीमार सोसायटीचे लोक म्हणायचे, अशी मासोळी पुष्कळ वर्षांत पाहिली नाही. दिवसा कोणी घरात डोकावलं असतं तर त्याला वाटलं असतं, देवानं यांचं दुःख भरून काढलं.

पण त्या घरात हाका थांबल्या होत्या.

कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. मनसाराम तलावावरून आला की दारातून "गोकुळा" म्हणायचा, ते बंद झालं. तो आत येऊन तिच्या खांद्याला हात लावायचा. गोकुळेला दामिनी हवी असली तर ती चूल सोडून उठून तिच्यापाशी जायची. शेजारची झिंगूबाई कुडाच्या पलीकडून "ओ गोकुळाबाई!" म्हणून ओरडली की गोकुळा धावत बाहेर यायची, तिनं दुसऱ्यांदा ओरडू नये म्हणून. झिंगूबाई एकदा म्हणाली, "तुमच्या घरी लेकरू हाय का मुकं घर हाय हे?" गोकुळा हसली. बाळ रडायचं तेव्हा ती पटकन त्याला छातीशी धरायची आणि कान जंगलाकडे लावायची. बाळाच्या रडण्याला ओ येत नव्हती. हाक मारून कोणी बोलावलं तरच इंदू उत्तर द्यायची.

आश्विनात धान लोंबीला आलं. एका दुपारी गोकुळा शेताच्या धुऱ्यावरचं गवत कापून घरी आली, तर पाळणा रिकामा आणि दामिनीही नाही. विहिरीवर नाही, झिंगूबाईकडे नाही. ती तलावाच्या बांधाकडे, पाळीकडे गेली.

दामिनी पाळीवर उभी होती, बाळ कडेवर, तोंड जंगलाकडे. ऊन लख्ख होतं. पाण्यावर एक लाट नव्हती. गोकुळा तिच्यापर्यंत पोचायच्या आत ती गोड आवाजात, जेवायला बोलावल्यासारखी म्हणाली, "माय व!"

"आहो व!"

 आवाज पलीकडच्या काठावरून येत नव्हता. तो पाळीच्याच खालून, बेशरमीच्या झुडपांतून आला. हाक मारायचीही गरज नव्हती इतक्या जवळून.

दामिनी वळली. तिच्या तोंडावर हसू होतं.

"मोठमाय, तू कायले आली? मी रोज येतो इथी. पहिले माय दूर होती. नाल्याच्या तिकडे. मंग पान्याच्या काठाले आली. आता पाह्य ना, पाळीखालीच हाय. चार दिवसात अंगनात येईन. रंजीतानं आजीले पाह्यलंच नाई अजून."

गोकुळेनं तिच्या हातातून बाळ घेतलं. मग तिचं लक्ष खाली गेलं. पाळीच्या उतारावर ओला चिखल होता. त्यात पंजे उमटले होते. मोठे, गोल, एकामागे एक. जुने कडक झालेले दूर होते; जसे पाळीकडे येत होते तसे ताजे होत गेले होते. शेवटच्या खुणेत पाणी अजून झिरपत होतं.

"घरी चाल," ती म्हणाली.

"थांब ना, अजून एकडाव—"

"दामिनी, घरी चाल म्हनतो ना मी!"

इतक्या मोठ्यानं ती कधी बोलली नव्हती. झुडूप हललं नाही. त्यातून काही आवाजही आला नाही. दोघी मागं न पाहता गावात आल्या. मनसारामनं गार्डला फोन लावला, लोक डबे वाजवत पाळीवर गेले, तोवर तिथं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दामिनी पुन्हा निघाली. गोकुळेनं दारात हात आडवा धरला. पोरगी जमिनीवर बसून लहान लेकरासारखी रडली. "तुले काऊन पोटात दुखते? माही माय हाय ते. मले ओ देते, तुले नाई देत म्हनून का?" हे वाक्य गोकुळेच्या काळजाला झोंबलं. पण तिला कळलंही. पोरगी थांबणार नाही. बांधून ठेवली तरी ती घरातूनच हाक मारेल, आणि इंदू तिथंही येईल. इंदू येईल, आणि जे तिच्या संगं फिरतं तेही येईल.

तिनं झिंगूबाईला घरात बसवलं, दामिनीपाशी. मनसारामला काही सांगितलं नाही. त्यानं जाऊ दिलं नसतं. आणि भर दुपारी, हातात नुसता विळा घेऊन, ती नाला ओलांडून इंदूच्या झाडापाशी गेली.

मोहाचं झाड हिरवंगार होतं. खाली गुडघाभर गवत. एक पाखरू बोलत नव्हतं. त्या बाजूला हमेशा वांदरं असतात, एकही नव्हतं. वारा नव्हता आणि तरी बांबूच्या रांजीत एक फांदी हळूहळू खालीवर होत होती, जसं काही तिच्याखाली कोणी श्वास घेत आहे. गोकुळेनं झाडाला पाठ लावली आणि खाली बसली. 

"इंदू व," ती बोलायच्याच आवाजात म्हणाली. "ओ देऊ नोको. आईक फकत."

फांदी हलायची थांबली.

"पोरगी झाली तुह्या पोरीले. रंजीता नाव ठेवलं. डोये तुह्यासारखे हायेत, बारके. धनराज हैदराबादले हाय, पीत नाई म्हनते. मासोळी मस्त निघून राह्यली यंदा." ती थांबली. तिनं हातातला विळा खाली ठेवला. "तू त्या दिवशी मले ओ देली. मले वाटलं तू हायस. मी टोपली भरत राह्यली. तुले भेव लागलं असन व, एकटीले. म्हनून मले सोडलं नाई तू. मी रागावली नाई त्याच्यासाठी. पन इंदू, पोरीनं हाक मारली का तू जवळ येतेस, आन् ते बी येते तुह्या मागं. पाळीपर्यंत आलं. लेकरू कडेवर होतं तिच्या. आता ओ देऊ नोको. पोरीनं मारली हाक तरी नाई, मी मारली तरी नाई. कोनीबी मारो."

किती वेळ ती तशीच बसली कोण जाणे. सावली सरकली. तिला उग्र वास येत होता, ओल्या कातड्यासारखा, आणि त्यातच कुठेतरी मोहाचा गोड वास. आश्विनात मोह फुलत नाही. ती उठली, विळा कमरेला खोचला, आणि तिला निघायचं होतं तरी निघवेना. कळायला तर हवं होतं. तिनं तोंडाशी हात धरला आणि चैत्रानंतर पहिल्यांदा, पोटातून ओरडली.

"इंदू व!"

हाक झाडांतून दूर गेली. नाल्यापार गेली. गोकुळा उभी राहिली. तिच्या मनात दोन बाया उभ्या होत्या. एक म्हणत होती ओ नको येऊ दे, दुसरी म्हणत होती एकदाच येऊ दे.

ओ आली नाही.

ती परत फिरली. नाला ओलांडल्यावर मागं पाचोळा वाजायला लागला. ती थांबली की तो थांबायचा, ती चालली की वाजायचा. हलकं पाऊल होतं. बाईचं असावं इतकं हलकं. पण वाघही तसाच चालतो, हे जंगलात राहणाऱ्या कोणालाही माहीत आहे. तिनं मान वळवली नाही. पाळीवर पाय ठेवला तेव्हा मागचा आवाज नव्हता.

त्यानंतर दामिनीनं पुष्कळ हाका मारल्या. अंगणातून, पाळीवरून, मोठमायच्या नाकावर टिच्चून. उत्तर आलं नाही. "तू काय बोलली माह्या मायले?" तिनं विचारलं. गोकुळेनं खरं ते सांगितलं. दामिनीनं तिच्याशी बोलणं टाकलं. बाळ तेवढं तिच्या हाती द्यायची, तेही दुसरीकडे पाहत. गोकुळेनं ते निमूट सोसलं. पोरीची माय तिनंच गप्प केली होती. आणि स्वतःचीही एकुलती एक सोबतीण.

दिवाळीनंतर, मंडईच्या जत्रांचे दिवस संपता-संपता जंगल खात्यानं पलीकडच्या गावाजवळ एक वाघीण बेशुद्ध करून पकडली. म्हातारी होती, पुढचा एक दात मोडलेला. गाव पाहायला गेलं. मनसारामही जाऊन आला. म्हणाला, "तेच होती, म्हनतात. आता सुटली इंदू." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "पन आवाज तर पहिलेच बंद झाला होता ना व?"

"हो," गोकुळा म्हणाली.

तो बायकोकडे पाहत राहिला. 

डिसेंबर सरता-सरता दामिनीचा नवरा तिला न्यायला आला. वडशाच्या बसस्टँडवर ऊन होतं, नाटकांच्या जाहिराती लावलेल्या गाड्या भोंगे वाजवत फिरत होत्या. झिंगूबाई बाजारासाठी आली होती, ती येऊन टेकली. बाळाच्या गालाला हात लावून म्हणाली, "सरलं बाई हे बी साल. कसं गेलं म्हना तुमचं?"

गोकुळेनं विचार केला. 

"लेकरू आलं," ती म्हणाली. "मासोळी बरी भेटली. इंदू गेली." आणि थोड्या वेळानं, "दोनदा गेली."

झिंगूबाईला ते कळलं नाही. दामिनीला कळलं. ती इतके दिवस दुसरीकडे पाहत होती, तिनं मान वळवून मोठमायकडे पाहिलं.

"तू बोलली तवा," तिनं हळूच विचारलं, "माय काई बोलली नाई? काईच?"

"नाई. आईकलं तिनं फकत."

दामिनीनं डोळे पुसले. बस लागली. नवरा सामान घेऊन पुढं चढला. दामिनीनं बाळाला मोठमायच्या मांडीवर ठेवलं, आपलं लुगडं सावरलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि बाळ परत घेताना गोकुळेच्या हातावर हात तसाच ठेवला, थोडा जास्त वेळ.

"होळीले येतो," ती म्हणाली.

बस गेल्यावर गोकुळा चिचटोल्याच्या जीपमध्ये बसली. मनसारामनं आज मोठं जाळं टाकलं होतं, ओढायला माणूस लागणार होता.